मूळ गाव कुठलं

भांडुपच्या मॉलखाली, दुसऱ्या तळघरात,
पार्किंगला लागून माझा बर्फ आहे.
दोन बॅडमिंटन कोर्टांएवढा. उणे पाच.
वर छत्तीस अंशांत रिक्षांची रांग,
खाली मी कानटोपी घालून बादलीनं पाणी ओततो
पोरांच्या पात्यांनी पाडलेल्या चरांत.
कोमटच लागतं. गार पाणी वरच्यावर गोठतं,
खाली पोकळी राहते.
ससून डॉकच्या बर्फखान्यात हे कुणी शिकवलं नव्हतं.
तिथे बर्फ फोडायचा असतो.

आज तमाराबाईंनी सराव लवकर थांबवला.
टीव्हीवर त्यांच्या देशातली मुलगी उतरणार होती,
चार वर्षांनी.
परवानगी मिळाली म्हणे.
झेंडा नाही, राष्ट्रगीत नाही,
आणि लढाईला ती कधी हो म्हणालेली नाही
एवढं तपासून.

बाकी सगळ्यांच्या नावापुढे झेंडे,
हिच्या नावापुढे करडा चौकोन.
धुरूंची रेवा, वय वर्षं नऊ, विचारते,
"टीचर, हिचं गाव कुठलं?"

या शहरात नावानंतरचा हा दुसरा प्रश्न.
मीही ठोकून देतो, वेंगुर्ला,
जिथे आयुष्यात एकूण अकरा दिवस राहिलोय.
तमाराबाईंना मराठी येत नाही
पण हा प्रश्न कळतो.
त्यांनी बुटाची नाडी सोडली, परत बांधली.

आमच्या वरळीच्या मंडळात दिगू तुळसकर होता.
त्याच्या थोरल्या भावानं
मोरजकरांच्या नंदूला सुरा मारला,
गोकुळाष्टमीच्या आदल्या रात्री.
मग तीन रात्री व्यायामशाळेत बैठक,
दिगूला खेळवायचं की नाही.
एक म्हणाला, त्याचा काय दोष.
दुसरा म्हणाला, दोष नाही, पण घरात जेवतो कुणाबरोबर?
शेवटी ठरलं: खेळू दे,
मंडळाचं बनियन मात्र नको. साधं पांढरं.

त्या दिवशी एका चढाईत त्यानं चौघांना बाद केलं.
टाळी एक नाही.
नुसता त्याचा दम ऐकू येत होता, कबड्डी कबड्डी कबड्डी,
विहिरीतून यावा तसा.
चुन्याच्या रेघेपलीकडे नंदूची आई बसली होती,
लोखंडी घडीच्या खुर्चीवर.
मध्यंतराच्या आधीच उठली,
खुर्ची मिटली, घेऊन आत गेली.
पुढच्या वर्षी आलीच नाही.

माझं मत दिगूच्या बाजूनं होतं.
आजही देईन.
पण हात मोजले तेव्हा
त्या खुर्चीचा आवाज मोजायचा राहिला.

तिकडे सहाजणी एकाच बर्फावर, सहा मिनिटं,
अंग गरम करायला.
त्यांतली एक त्या दुसऱ्या देशाची.
समालोचक सांगतो, तिच्या गावातल्या रिंकचं छप्पर जळालं,
ती आता परमुलखात, कुठल्याशा मॉलमध्ये सराव करते.
मॉल म्हटल्यावर आमच्या पोरी ओरडल्या, आमच्यासारखीच!
ती कडेकडेनं फिरत राहिली.
करडी मुलगी मधून गेली की
हिचा चेहरा प्रेक्षकांकडे वळायचा.
धक्का लागला नाही कुणाचा कुणाला.
सहा मिनिटं संपली.

करडी मुलगी छान खेळली. काय खोटं बोलू.
हवेत तीन गिरक्या घेऊन उतरली तेव्हा
पात्याचा आवाजसुद्धा झाला नाही.
तमाराबाईंच्या ओठांत आकडे, एक, दोन, तीन, त्यांच्या भाषेत.
गुण लागायच्या आत त्यांनी टीव्ही बंद केला.
रेवा रुसली.

पोरी गेल्यावर मी बादली भरायला वळलो,
तर बाई आधीच बर्फावर, गुडघ्यावर बसलेल्या.
पिण्याच्या बाटलीतलं पाणी
एका लांब चरात ओतत होत्या, हळूहळू,
जखमेवर ओततात तसं.
गार पाणी. मी काही बोललो नाही.

सकाळी तो चर तिथेच होता.
वर काच धरलेली, आत हवा.
साडेआठला रेवा येते, तिचा पाय अडकायला नको
म्हणून पार्किंगमधला नारिंगी शंकू आणून
तिथे ठेवला.