बटाटे उघड्यावर

जूनच्या शेवटी आम्ही बटाटे बाहेर झोपवतो.
वाळल्या गवतावर, एकेक सुटा.
एकमेकांना चिकटले तर ऊब धरतात
आणि ऊब धरली की नासतात.
चार हजार मीटरवर थंडीसुद्धा
अंतर सोडून पेरावी लागते.

रात्री आभाळ असं, जसं झाकण उडालेलं भांडं.
दिवसभर मातीनं कमावलेलं सगळं
सरळ वर निघून जातं, वाटेत एक ढग आडवा येत नाही.
पहाटे बटाट्यांचे दगड झालेले.
मग ऊन चढतं, कानांची सालं काढतं,
दगडांना घाम फुटतो
आणि आम्ही अनवाणी त्यांच्यावर चालतो,
टाचेनं पाणी पिळत.

वारा, माझी मुलगी, वय वर्षं नऊ,
एका पायावर उभी राहून म्हणाली,
"ताता, आपण खालच्या लोकांपेक्षा सूर्याच्या जवळ ना?
मग माझीच बोटं का बधिरली?"

मी मास्तर नव्हे.
अकरा वर्षं ट्रक चालवला, युंगासची संत्री वर आणली.
मला इतकंच माहीत की खिंडीत पोचेपर्यंत
वेफर्सचं पाकीट उशीसारखं फुगतं
आणि खाली दरीत उतरताना
प्रत्येक वळणाला अंगावरचं एकेक काढावं लागतं.

म्हटलं, सूर्य इथून पंधरा कोटी किलोमीटर.
त्यात आपले चार म्हणजे
ला पासहून पोतोसीला निघताना
ड्रायव्हरनं सीट बोटभर पुढे ओढणं.
पोतोसी काही लवकर येत नाही.

मग तिला चाकापाशी नेलं,
व्हॉल्व्ह दाबला, सुसाट हवेत तिचं बोट धरलं.
"गार!"
गारच. आत दाटीवाटीनं बसली होती,
सुटली, पसरली,
आणि पसरण्याचा खर्च तिनं स्वतःच्याच उबेतून केला.
दरीतली हवा घाट चढते तेव्हा असाच खिसा रिकामा करत येते.
शिवाय ऊन तापवतं ते मातीला, हवेला नव्हे;
हवा मातीच्या चुलीवर शेकते,
आणि आपली हवा म्हणजे विरलेला पोंचो,
शेक धरायला धागेच कमी.

इथवर माझं बरं चाललं होतं.
पुढे मी शहाणपणा केला.
रेडिओवर ऐकलं होतं: जुलैच्या सुरुवातीला पृथ्वी
सूर्यापासून सगळ्यात लांब असते,
जानेवारीपेक्षा पन्नास लाख किलोमीटर लांब.
"म्हणून हिवाळा," मी म्हणालो. टाच जोरात दाबली.

तेवढ्यात फोन वाजला.
मुर्सियाहून इलारिया. तिकडे दुपार झालेली.
टरबुजांच्या शेतात बेचाळीस अंश,
ओला रुमाल डोक्यावर, तोही पाच मिनिटांत कोरडा,
पाण्याची बाटली हातात धरवत नाही म्हणाली.
वारा ऐकत होती. माझ्याकडे बघत होती.
"आई त्याच पृथ्वीवर आहे ना?"

मी गप्प.
तिनंच एक बटाटा उचलला, त्यात काडी खुपसली,
पूर्वेला धरून तिरका केला.
वरच्या गालावर ऊन थेट बसलं;
खालच्या गालावर तेच ऊन
घसरत, लांबत, पातळ होत गेलं,
जसं थोडं लोणी मोठ्या भाकरीला पुरवावं.
"आपण हा गाल," ती म्हणाली. "आई तो."
मग बटाटा परत ओळीत ठेवला,
शेजाऱ्याला लागू न देता.

सहा वर्षं झाली इलारियाला जाऊन.
त्या अंतराबद्दल कुणी काही विचारलं नाही.

डिसेंबरात तिकडे गारठा पडतो.
इथे तेव्हा पाऊस, चिखल, पृथ्वी सूर्याच्या जवळ येत चाललेली.
वारानं वाळून काळे झालेले बटाटे पिशवीत भरले,
वर आईचं नाव लिहिलं, खोडून पुन्हा नीट लिहिलं.
पोस्टातल्या माणसानं काट्यावर ठेवले: दोन किलो.

गवतावर मांडले तेव्हा दहा होते.