भाषा निवडा

पडदा विचारतो: भाषा निवडा.
यादीत आमची जॉर्जियन नाहीच, मला ठाऊक आहे,
तरी विचारतोय तर काहीतरी सांगावं म्हणून
माऊस सरकवला.
बाण जागचा हलेना.
माऊस उलटा केला, पोटातला लाल दिवा विझलेला.
कॅप्स लॉक दाबलं. हूं नाही की चूं नाही.

आत्ता पाच मिनिटांपूर्वी
सेटिंगच्या निळ्या पानावर हाच कीबोर्ड
शहाण्यासारखा वर-खाली करत होता,
घड्याळ दुरुस्त केलं मी त्याच्याकडून.
इन्स्टॉलर जागा झाला
आणि दोघांचेही प्राण एकाच क्षणी गेले.

"मेलं का?" मझेविनार विचारते,
चुलीत लाकूड सारत.
ओनी गावात सगळं असंच विचारतात,
गाईबद्दल, पंपाबद्दल,
परवा तर माझ्या संसाराबद्दल.

मेलं नाही, मझेविनार.
पेटी नवी आहे, तिची भोकं नवी,
आणि त्यात घालायची प्रणाली तेरा वर्षं जुनी,
कारण रिओनीची पातळी मोजणारं तुमचं सॉफ्टवेअर
दुसऱ्या कशावर चालतच नाही.
जुना पाहुणा नव्या घरात शिरलाय,
दारं कुठं आहेत ते त्याला कळत नाही.
आपण बाहेरून ठोठावतोय.

ती म्हणते, मग खिडकीतून घ्या की आत.

सगळी भोकं करून पाहिली. पुढची, मागची, निळी, काळी.
सेटिंगमधला तो एक पर्याय बंद केला, चालू केला,
परत बंद केला.
दर वेळी पहिल्यापासून, दर वेळी तोच प्रश्न,
तोच बाण, बर्फात रोवलेल्या मापाच्या काठीसारखा.
बाहेर चार वाजताच अंधार. कुताइसीची शेवटची गाडी
पाचला सुटते.
लोबियानीचा अर्धा तुकडा टेबलावर गार झालाय.

मग पेटीच्या पाठीमागे बोटानं चाचपताना
ते सापडलं: गोल, जांभळं,
सहा बारीक छिद्रांचं.
कारखान्यात कुणाला ते काढून टाकायचं सुचलं नसावं.
"गोल पिनेचा कीबोर्ड आहे का इथं? खूप जुना?"

मझेविनारनं फोन लावला. थेट इटलीला, बारीला,
जिथं त्सिआला कुणा म्हाताऱ्या बाईंना
आंघोळ घालते, औषधं देते, महिन्याला पैसे पाठवते.
इथं एकोणीस वर्षं तिनं नदी लिहिली.
मागून पाण्याचा आवाज येत होता. ती ओरडून म्हणाली,
खालचा खण, सरपणाच्या पावत्यांखाली,
आणि माझी शाल दिसली तर उन्हात टाका.

शाल नव्हती.
कीबोर्ड होता, पिवळा पडलेला, विटेएवढा जड.
अक्षरं सगळी कोरी करकरीत.
आकडे तेवढे पुसून गेलेले,
एकपासून शून्यापर्यंत दहा गुळगुळीत कळा,
ज्यांवरून नदी रोज दोनदा गेली होती.

पेटी बंद केली (हा चालू पेटीत लावत नाहीत),
पीन फिरवून फिरवून बसवली, पुन्हा सुरू.
भाषा निवडा.
कॅप्स लॉक दाबलं.
कोपऱ्यात हिरवा ठिपका पेटला.

मझेविनारनं क्रूस काढला छातीवर. मी नाही काढला,
पण हात थोडा थरथरला, हे खरं.

माऊस मेलेलाच. तरी चालतं.
टॅब, टॅब, खाली बाण, एंटर.
आंधळा माणूस भिंतीला धरून जातो तसे
आम्ही एकेका खोलीतून पुढे गेलो.
पाचची गाडी गेली.

शेवटी त्यानं विचारलं, या संगणकाचं नाव?
मझेविनार म्हणाली, तिचंच लिही.
लिहायला लागलो, एक 'आय' दोनदा उमटला.
पुसायची कळ दाबली, दबेना,
खाली सूर्यफुलाच्या बीचं टरफल अडकलेलं,
कुठल्या तरी पूर आलेल्या रात्रीचं.

खोडून पुन्हा सुरुवात करता आली असती.
मी एंटर दाबलं.
नाव तसंच राहिलंय, एक अक्षर जास्तीचं.