नावांसकट

पहाटे तीन-चाळीसला खाद्ययंत्र बंद पडतं.
रोज नाही. बार्बा पिंजऱ्यांवरून फोन करते,
मागे वारा, आणि उपाशी साल्मनची सळसळ,
जी मला ऐकू येत नाही, ती म्हणते येते.

क्लाक्सविकला, बर्फाच्या गोदामावरच्या खोलीत
मी मेलेल्या प्रोग्रामची प्रत उघडते.
आत नुसते पत्ते, लांबलचक आकडे.
कोणी कोणाला हाक मारली,
कुठल्या ओळीवर श्वास अडला,
काही नाही.
गाव आहे, दारांवर पाट्या नाहीत.

हे हेयिनने लिहिलेलं, अकरा वर्षांपूर्वी.
तो गेला. समुद्रात नव्हे, दवाखान्यात, गुरुवारी.
त्याच्या नऊ हजार ओळी माझ्याकडे होत्याच,
मी त्या कधी वाचल्या नाहीत, फक्त बांधत आले
त्याच्याच सूचनेबरहुकूम:
ओ-दोन. नावं छाटा. इशारे गप्प.
तेव्हा यंत्रात जागा काडेपेटीएवढी होती.

मी लिहिते डॅश जी.
ओ-दोन खोडून ओ-शून्य.
म्हणजे कंपायलरला सांगणं, बाबा रे, हुशारी नको,
सांगितलं तेवढंच कर, सांगितलं त्याच क्रमाने,
आणि जाताना पाऊलखुणा पुसू नकोस.

फाइल चौपट फुगली.
डीबगरमध्ये नावं दिसू लागली:
टाकीची पातळी लुंडी, मोटरीचा वेग स्कार्वुर.
सगळे इथल्या कड्यांवरचे पक्षी.
हेयिन, तू जेवतानाही हवामानाशिवाय बोलला नाहीस.

तीन रात्री चालवलं. पडलंच नाही.
वैद्याच्या उंबऱ्यावर दाढ दुखायची थांबते, तसं.
बार्बा म्हणाली, मग असंच राहू दे की.
पण ओ-शून्यवर यंत्र रांगतं,
आणि मासे वाट पाहत नाहीत.

म्हणून पुन्हा ओ-दोन. डॅश जी मात्र राहू दिलं.
हाकांची साखळी तोडू नको, असंही सांगितलं.
आणि शेवटी, उगाचच,
इशाऱ्यांच्या तोंडावरचा हात काढला.

ओळ चारशे बारा.
'चाल्टुर किंमत न देताच वापरला जाऊ शकतो.'

एवढंच. कंपायलरला बहुधा पहिल्या दिवसापासून माहीत होतं.
ओ-शून्यवर त्या जागी योगायोगाने शून्य सापडायचं,
ओ-दोनवर कुणाचं तरी उष्टं.
चाल्टुर मार्चमध्ये परततो बेटांवर.
हेयिनने जागा राखली, आणि तो येईल असं धरून चालला.

मी लिहिलं, चाल्टुर बरोबर शून्य.
बोटीवर जाईल ती प्रत छाटलेलीच,
जागा अजून तेवढीच आहे तिथे.
नावांची फाइल वेगळी काढून ठेवली माझ्याकडे,
त्याच बांधणीची, तारखेसकट.

तीन-चाळीस झाले.
फोन वाजला नाही.
मी मात्र जागी, ओळ चारशे तेरा वाचत.