दीड तास

नेब्रास्कात, कर्नीच्या बाहेर,
सकाळी साडेसहाला मिक्सर आला.
ड्रम फिरतोय. पाणी पडल्यापासून दीड तास,
मग काँक्रीट कुणाच्या बापाचं ऐकत नाही.

हृस्कानं माणसं मोजली: तो स्वतः,
गुडघा बदललेला मेहुणा,
आणि शाळा बुडवून आलेला पुतण्या,
थापी उलटी धरणारा.

एउलालिओचं नाव यंदा सोडतीत निघालं नाही.
नऊ हंगाम तो इथल्या फरशा घोटायचा,
गुडघ्यांवर, मागे सरकत,
स्वतःचा माग पुसत पुसत.

आता वेवेतेनांगोच्या डोंगरातून त्याचा फोन:
वारा आहे का? मग कडेनं सुरू कर.
बोट दाबून बघ.
ठसा उमटला आणि बोट कोरडं राहिलं,
की लाव थापी.

गेल्या नोव्हेंबरात हृस्कानं कुणाला मत दिलं
हा विषय दोघंही काढत नाहीत.
हृस्का ओणवा होतो. बोट दाबतो.
ड्रायव्हर घड्याळ बघतो.

साडेनऊला झाली एकदाची
गोदामापुढची फरशी. मध्ये जराशी खोलगट.
पाऊस पडेल तेव्हा तिथं पाणी साचेल,
गुडघे टेकलेल्या एका माणसाएवढं.