आधी रिकामी बुडवावी

कोथरूडच्या त्या माणसानं टेबलावर दोन पेट्या मांडल्या.
एक मोठी, अ‍ॅल्युमिनियमची,
दोन्ही बाजूंना दिव्यांचे हात, खेकड्यासारखी.
दुसरी प्लास्टिकची, जेवणाच्या डब्याएवढी, कडेला ओरखडा.
तो रंगांबद्दल बोलत राहिला:
पाच मीटरवर लाल कसा मरतो,
मग नारिंगी,
मग सगळंच निळं.
मी विचारलं, रिंग किती वर्षांची?
तो थांबला.
असं कुणी विचारत नाही, म्हणाला.

माधवनगर रोडला आमचं मोटर वायंडिंगचं दुकान.
बावीस वर्षं पाण्यातल्या मोटारी उघडतेय मी.
तांबं जळतं ते नंतर.
आधी एक रबर हरतं,
केसाएवढ्या जागेत.
पाण्याला घाई नसते.

धाकटी घेतली.
भिशीचे पैसे होते, थोरलीही आली असती.
पण जी एका हातानं पुसता येत नाही
ती दोराला लटकून कशी सांभाळू?

स्वारगेटला कंडक्टरनं पिवळ्या खोक्यावर टिचकी मारली.
हार्मोनियम?
कॅमेरा. पाण्यातला.
माझं अर्धं तिकीट काढलं, खोक्याचं पूर्ण लावलं.
खंबाटकीत ते मांडीवर.
इस्लामपूर आलं तेव्हा शेजारणीचं पोर
त्याच्यावर गाल टेकून झोपलेलं.
बॅटऱ्या वेगळ्या, मोज्यात गुंडाळून, पर्समध्ये.

त्या माणसाच्या यादीत एक शत्रू नव्हता.
हळद.
यार्डातून उडते, शटरखालून आत येते,
बशीवर बसते, नखात, हिशेबाच्या वहीत.
रिंगेवर एक कण राहिला
तरी पाण्याला दार उघडं.
म्हणून रात्री पंखा बंद केला,
दिवा गालाजवळ ओढला
आणि ती काळी रिंग बोटांतून फिरवत गेले,
डोळ्यांचं ऐकलं नाही.
ग्रीस लावलं, नुसती चमक येईल इतकंच,
बाळाच्या जावळाला तेल लावावं तसं.
आत तांदळाची पुरचुंडी,
मिठाच्या बरणीत ठेवतो तशी.

आधी रिकामी बुडवावी.
कॅमेऱ्याच्या जागी कालचा पेपर घडी करून घातला,
हौदात, वर दगड, रात्रभर.
सकाळी कागद कोरडा.
बेदाण्याचा भाव नीट वाचता येत होता.

सावळजच्या पुढं, द्राक्षबागेच्या कडेला, यमगरांची विहीर.
अण्णा इथं तीनदा उतरले होते,
कमरेला दोर, दातांत गळाची दोरी,
निसटलेली मोटर शोधायला.
उजव्या कानाचा पडदा इथंच गेला.
लहानपणी मी विचारायची, खाली काय असतं?
थंडी, म्हणायचे.
पुढं काही नाही.

आठ डुबक्या मारल्या.
पहिल्या चारांत हिरवा गाळ.
पाचवीत माझाच पाय.
सातवीत वरचं गोल आभाळ
पाण्यात खांबासारखं उभं होतं
आणि दगडांच्या सांध्यांतून
उंबराची मुळं, नुकती विंचरल्यासारखी, खाली सोडलेली.
त्यांच्यामागून एक कासव गेलं,
माझ्याकडे न बघता.
आठवीत श्वासच पुरला नाही.

अण्णा काठावर, पंपाच्या कट्ट्यावर बसलेले.
पेटी न उघडताच पडद्यावर दाखवलं.
चष्मा वर केला, खाली केला.
ओल्या काचेवरून अंगठा फिरवला.
"एवढा उजेड असतो व्हय खाली?"
मी डाव्या कानात ओरडले,
तीनदा गेला होता की तुम्ही!
"डोळं मिटून जायचो गं."

मग बराच वेळ ती पेटी त्यांच्याच हातात.
उलटी केली, सुलटी केली.
आत पाणी वाजतंय का बघायला
मोटर हलवायचे तशी हलवली,
आणि सवयीनं
उजव्या कानाशी धरली.