पट्टी

पहिलं दव गोठलं
की उप्सालाच्या बागेत सिग्ने हासेलग्रेन
काळवंडलेली डेलियाची झाडं उपटते,
कंदांची माती झटकते, जणू लहान मुलाचे पाय.

डेलियातला डाल म्हणजे कुणाचं तरी आडनाव.
डाल म्हणजे दरी.
त्या माणसानं हे फूल पाहिलं तरी होतं का?
ती खांदे उडवते.
मेक्सिकोच्या डोंगरउतारावर
याला पाण्याची नळी म्हणत.
पोकळ देठ ती माझ्या डोळ्याला लावते:
बघ, आहे की नाही?

तिचं आडनावही तिचं नाही.
हासेलग्रेन, हेझलची फांदी.
फांदीवाला मालमोला गेला, एकोणीस वर्षं झाली.
फांदी इथेच, पगाराच्या कागदावर, दाराच्या पाटीवर.
"बदलायला अर्ज लागतो," म्हणते,
"आणि आता मुळं धरलीत."

तळघरात वाळूच्या पेट्या.
जस्ताच्या पट्ट्यांवर शिसपेन्सिलीनं
ती एकेकाचं नाव ठेवते,
कुणालाच नावं न ठेवता.

शेवटी एक कंद उरतो, पट्टी हरवलेला.
ती तो हुंगते, वाळूत पुरते
आणि कोऱ्या पट्टीवर लिहिते:
ऑगस्टमध्ये विचारू.