चोडणची मानस

म्हापशाच्या बाजारात घेतलेली जुनी लेन्स,
आत बुरशीचं इवलं जाळं.
दुकानदार म्हणाला, फोटोत येत नाही.
येतं. उन्हाकडे धरली की येतं.

पहिल्या फेरीबोटीने चोडण.
खाजणाच्या बांधावर मी पोटावर आडवा,
मानशीच्या फळीवर खंड्या.
एक क्लिक. आयएसओ वाढवून पुन्हा. पुन्हा.
पलीकडून इनास काहीतरी ओरडला,
मी नुसता हात वर केला: गप.
तरी उडालाच.

रात्री लॅपटॉपवर बेचाळीस खंड्या,
बेचाळीस धूसर चोची.
मागचं गवत मात्र पातं न् पातं धारदार.
धुकं घालवायची पट्टी सरकवली
तर पहाटच गेली. परत आणली.

मग कापायची चौकट ओढत होतो उजवीकडून,
तिथे इनास सापडला.
गुडघाभर पाण्यात, खांद्यावर ओलं जाळं,
दोन्ही हातांनी हातभर चोणक वर धरलेली
माझ्याकडे,
खवले मोजता येतील इतकी स्पष्ट.

चौकट सोडून दिली.

उद्या प्रिंट घेऊन जायचं आहे.
किती मोठी काढावी, ठरत नाही.
बुरशीचा डाग नेमका त्याच्या कानापाशी आलाय,
पुसता येईल,
पण त्याचा कान कसा दिसतो
मला कुठे आठवतंय.